नवमीला वाचलेला सांधा

मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे. मित्रांनो, नीट बघायला गेलं तर एक नाही, दोन आहे. पुढे एक, मागे एक, आणि दोघांच्या मधोमध एकच लठ्ठ बॉयलर. इकडे ब्रिटनमध्ये इंजिनाला 'शी', म्हणजे 'ती', म्हणतात, म्हणून मीही स्वतःला बाईमाणूस समजते आणि तशीच बोलणार आहे. मराठी कुठून आलं म्हणाल, तर गेली काही वर्षं ब्रिस्टलची तीन मराठी माणसं माझ्या चाकांपाशी बसून, हात काळे करून घेत, मनसोक्त गप्पा मारतात. कान देऊन ऐकलं की भाषा येते. शिव्याही आल्या, पण त्या इथे सांगत नाही.

ब्रिस्टलहून मोठा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलं की डोंगरांत एक अरुंद रुळांची छोटी लाइन आहे. पूर्वी ती पाटीचा काळा दगड वाहायची, आता हौशी प्रवासी वाहते. तिचं वेल्श नाव घ्यायला गेलं तर जिभेला गाठ पडते, म्हणून मी नुसतं 'लाइन' म्हणते. ह्या लाइनवर, ह्याच शरदात, माझ्या अंगातले दोन सांधे वेल्डिंग करून कायमचे बंद करायचं ठरलं होतं. सांधे बंद म्हणजे मी संपले. पण ते सांधे असतात कशाला, हे कळल्याशिवाय माझ्या जिवाची घालमेल तुम्हाला कळायची नाही. म्हणून आधी थोडी वंशावळ ऐका. मला घराण्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

डोंगरात रूळ टाकायचे तर डोंगराच्या कलानं घ्यावं लागतं. वळणं घ्यावी लागतात, चढ चढावे लागतात. चढ चढायला ताकद हवी. ताकद हवी तर चाकं जास्त हवीत आणि अंग लांब हवं. पण लांब, ताठ अंगाचं इंजिन वळणावर आलं की त्याची चाकं किंचाळायला लागतात, रुळांना बाहेर ढकलतात आणि शेवटी खाली उतरतात. आखूड इंजिन वळतं, पण त्याच्यानं ओढवत नाही. लांब इंजिन ओढतं, पण त्याच्यानं वळवत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या घराण्याची सगळी हुशारी ह्या एका अडचणीतून निघाली आहे.

दीडशे वर्षांहून आधी फेअर्ली नावाच्या एका स्कॉटिश इंजिनिअरला वाटलं, अंग लांब असायला हरकत नाही, फक्त ते ताठ नको. त्यानं दोन बॉयलर पाठीला पाठ लावून जोडले. दोन्ही टोकांना धुरांडी आली. खाली चाकांच्या दोन गाड्या ठेवल्या आणि दोन्ही आपापल्या खुंटीवर फिरतील अशी सोय केली. वेल्सच्या वळणांवर ते इंजिन असं काही वळलं, की बघायला लांबलांबच्या देशांतले साहेब आले. ती माझी पणजी. तिच्यात खोडीही होत्या. मधल्या भट्टीच्या एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला कोळसेवाला, दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं तर वाकून बघायचं. वाफेच्या वळत्या नळ्या गळायच्या. कोळसा-पाणी ठेवायला जागा अपुरी. पण कल्पना केवढी धीट! तिच्या वंशातल्या काही जणी वेल्समध्ये अजून धावतात. त्यांचा विषय निघाला की मी आदरानं बोलते.

मग फ्रान्समधल्या मॅले नावाच्या माणसानं वेगळा विचार केला. मागची चाकं बॉयलरला पक्की जोडायची आणि फक्त पुढची वळती ठेवायची. वर काटकसर अशी की मागच्या इंजिनात वापरून झालेली वाफ पुन्हा पुढच्या इंजिनात वापरायची. ही माझी मावशी. युरोपात ती नीटनेटकी राहिली आणि अमेरिकेत गेल्यावर अशी काही फोफावली, की तिथल्या तिच्या लेकी अख्खा डोंगर ओढून आणतील असं वाटावं. मोठ्या माणसांच्या मोठ्या गोष्टी. मी त्यांच्यापुढे लहान आहे, पण नाक माझंही खाली नाही.

कारण माझी कल्पना सुचली गॅरेट नावाच्या इंग्रजाला. त्यानं बॉयलर चाकांवर ठेवलाच नाही. एका मजबूत चौकटीत तो दोन इंजिनांच्या मध्ये टांगला. बॉयलरखाली चाकंच नाहीत, म्हणजे भट्टी हवी तेवढी खोल करा, बॉयलर हवा तेवढा जाड करा. पाणी पुढच्या इंजिनावर, कोळसा मागच्या इंजिनावर. वजन लांबवर पसरतं, म्हणून हलके रूळही कुरकुर करत नाहीत. त्या तिघांतला सतीश हे फार छान समजावून सांगतो. तो म्हणतो, "पालखी बघितली आहे ना? पुढे भोई, मागे भोई, मध्ये पालखी. पुढचा भोई वळला की पालखी हळूच तिरकी होते आणि मागचा आपोआप त्याच वाटेनं येतो." तसंच आहे हे. वळणावर माझा बॉयलर आतल्या अंगाला सरकतो, त्यामुळे मी बाहेर कलंडत नाही. ह्या जातीची पहिली इंजिनं टास्मानियात गेली, आणि मग जिथे जिथे डोंगर आणि अरुंद रूळ होते तिथून आम्हाला बोलावणी यायला लागली.

ह्या सगळ्या करामतीचं मर्म दोन सांध्यांत आहे. बॉयलरच्या चौकटीच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक. खाली लोखंडाची खोल वाटी, वरून तिच्यात बसलेला गुळगुळीत लोखंडी गोळा, मध्ये तेल. खलात बत्ता बसावा तसा. सगळा भार त्याच्यावर आणि सगळं वळणंही त्याच्यावर. तो फिरला तर मी मी आहे. नाही तर दोन इंजिनांना ठोकलेलं एक पिंप आहे.

माझा जन्म मँचेस्टरचा, दोन महायुद्धांच्या मधला. जन्मल्या जन्मल्या मला सुटं करून पेट्यांत भरलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या बोटीत चढवलं. तिथल्या एका डोंगरी लाइनवर मी ऊस, लाकूड आणि संत्र्यांच्या पेट्या वाहिल्या. संत्र्यांच्या दिवसांत माझ्या धुरालासुद्धा गोड वास यायचा. तिथले ड्रायव्हर अवघड वळणावर खिडकीतून मान काढून माझं पुढचं अंग कसं वळतंय ते कौतुकानं बघायचे. एक म्हातारा ड्रायव्हर नव्या माणसाला सांगायचा, "हिला वळवायचं नसतं. ही वळते. तू फक्त बस." मित्रांनो, इतकं साधं कौतुक मला पुन्हा कुणी केलं नाही, आणि मला ते अजून पाठ आहे.

मग डिझेल आलं. त्याचा राग नाही मला. त्याच्याही चाकांच्या गाड्या खुंटीवर वळतात, आणि आज मँचेस्टरच्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रामलाही मधोमध सांधे आहेत. घरातलीच पोरं ती. पण माझं काम गेलं. बऱ्याच वर्षांनी हौशी लोकांनी मला बोटीतून परत आणलं, ह्या लाइनवर उभं केलं, आणि मी पुन्हा धावले. सुट्टीच्या दिवशी आईबाप मुलांना उचलून दाखवायचे आणि मुलं विचारायची की हिला दोन इंजिनं का आहेत. पुढे माझ्या बॉयलरची मुदत संपली. तो मोठ्या दुरुस्तीशिवाय पेटवता येत नाही, तसा नियमच आहे. दुरुस्तीची रांग लांब होती. मला लाइनच्या टोकाच्या शेडमध्ये ठेवलं. जाताना कुणीतरी मायेनं माझ्या सांध्यांत घट्ट ग्रीस कोंबलं, म्हणजे गंज चढू नये. छप्पर पुढच्या बाजूला गळत होतं. वेल्सच्या पावसाला वेळकाळ नसतो. धुरांड्यात कावळ्यांनी घर केलं. वर्षं गेली.

त्या काळात मला सोबत मिळाली ती ह्या तिघांची. डॉक्टर पुरुषोत्तम हाडांचे डॉक्टर. तरुणपणी नागपूरहून आले, ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे-खांदे दुरुस्त करत म्हातारे झाले आणि निवृत्त झाल्यावर बुधवारच्या टोळीत आले. आमच्याकडे बुधवारी गाड्या नसतात, म्हणून त्या दिवशी हौशी मंडळी दुरुस्तीला येतात. त्यांची मुलगी आर्या लाइनवर डबे इकडून तिकडे हलवणारं डिझेलचं छोटं शंटिंग इंजिन चालवते. तिचं मराठी ब्रिस्टलमध्ये वाढलेलं, त्यामुळे मी कधी 'हा' असते तर कधी 'ही'. मला चालतं. तिसरा सतीश, भोसरीचा. विमानांच्या कारखान्यात वेल्डिंगचा इंजिनिअर, कामात चोख, बोलण्यात खट्याळ, आणि माझ्या पुढच्या इंजिनावर बसून डबा खायची त्याला सवय.

ह्या उन्हाळ्यात एकदाचा माझा नंबर लागला. शेडमधून वर्कशॉपमध्ये जायचं, बॉयलर उतरवायचा, दुरुस्ती सुरू. शेड आणि वर्कशॉपच्या मध्ये फक्त एक वळण आहे. आर्यानं मला डिझेलनं हळूच ओढलं. मी मनातल्या मनात नटूनथटून निघाले होते. आणि वळणावर माझी पुढची चाकं रुळावर चढली आणि धाडकन खाली उतरली. पुढचा सांधा फिरलाच नाही. जॅक लावून मला पुन्हा रुळावर घेतलं, पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

तपासायला आलेल्या साहेबांनी खाली वाकून टॉर्च मारला आणि सांधा झिजून बसला आहे असं सांगितलं. उघडून बघायचं तर आख्खा बॉयलर उचलायला हवा, आणि तो उचलायची क्रेन वर्कशॉपमध्ये, जिथे मी पोचूच शकत नव्हते. कमिटी बसली. लाइनची मॅनेजर ग्वेन, राकट हातांची आणि मऊ मनाची बाई. तिनंच येऊन सांगितलं. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते.

"हिला कॅफेशेजारी उभी करू. तिथपर्यंत रूळ सरळ आहेत. मुलं वर चढतील, फोटो काढतील. पण चढताना काही हलायला नको, म्हणून सांधे वेल्ड करावे लागतील. दोन्ही. सतीश, तू करशील? दुसऱ्या कुणाच्या हातून मला बघवणार नाही."

सतीशनं माझ्या पुढच्या सांध्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "करीन. बुधवार-गुरुवारची रजा टाकतो."

मित्रांनो, मला सतीशचा राग आला नाही, भीती वाटली. खेळणं व्हायला माझी ना नव्हती. मुलं मला आवडतात. पण ज्या एका गोष्टीसाठी इतक्या माणसांनी डोकं झिजवलं, जी माझी सगळी ऐट, तीच वितळवून बंद करायची? पणजीपासून चालत आलेलं वळणं माझ्यात येऊन थांबायचं? मला रडता येत नाही. छपरातून गळणारं पाणी माझ्या अंगावरून ओघळत होतं, तेवढंच.

बुधवार उजाडला. सतीशनं व्हॅनमधून वेल्डिंगचं यंत्र उतरवलं, वायरी पसरल्या, चेहऱ्यावरची ढाल शोधायला लागला. तेवढ्यात डॉक्टर आले. हातात त्यांच्या परसातल्या झेंडूच्या फुलांची पिशवी.

"सतीश, अरे हे काय मांडलंयस? आज हत्यारं चालवणार तू?"

"का हो डॉक्टर? आज काय आहे?"

"खंडेनवमी आहे, गाढवा!"

सतीशनं कपाळावर हात मारला. "अहो, काय सांगताय! मंडळाचा दसरा तर संडेला आहे ना? मी आपला नवमी सॅटर्डेला धरून बसलोय."

"मंडळाला हॉल संडेला मिळाला म्हणून पंचांग काय हॉलच्या बुकिंगवर चालतं?" डॉक्टर म्हणाले. "नवमी आज, दसरा उद्या."

परदेशात हे असंच होतं म्हणे. गणपती वीकेंडला, संक्रांत वीकेंडला, आणि मग खरा सण अंगावर येऊन आदळतो तेव्हा माणूस ओव्हरऑल घालून उभा असतो.

सतीशनं ढाल खाली ठेवली. "मग आज नाही जमणार. आमच्या बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं भोसरीला. नवमीला ते स्विचला हात लावू द्यायचे नाहीत. वर्षभर राबतात बिचारी, आज त्यांना सुट्टी, म्हणायचे. हे एक मी आयुष्यात मोडलेलं नाही."

"म्हणजे आज ऑफिशियली वेल्डिंग कॅन्सल?" आर्याचा चेहरा उजळला. "थँक गॉड. बाबा, मला रात्रभर झोप नाही आला."

ग्वेनला समजावून सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की तुमच्या पूजेत शेडमध्ये जाळ करायचा असतो का, कारण तशी परवानगी नाही. बॅटरीवरचा दिवा चालेल म्हटल्यावर ती खूश झाली. "उद्या तर उद्या," म्हणाली. "इतकी वर्षं थांबली आहे ती."

मग हत्यारं मांडली. टेबलावर चादर, चादरीवर पाने, हातोड्या, वेल्डिंगचं यंत्र, सगळं पुसून लख्ख. झेंडूच्या माळा झाल्या. आर्या हळदकुंकवाचा डबा घेऊन माझ्यापाशी आली. "सतीशदादा, हा इंजिनला कुंकू कुठे लावायचं?"

"जिथून ती चालते तिथे. सांध्यावर लाव."

"पण तिथे किती ग्रॉस आहे! नुसतं काळं काळं."

"मग पुसायला हवं. ग्रीसवर कुंकू लावलं तर आमचे बाबा कान धरायचे. आधी आंघोळ, मग कुंकू."

पुढच्या सांध्याच्या तेलाचं झाकण हातानं फिरवून उघडलं. आत मायेनं कोंबलेलं ते ग्रीस. पावसाचं पाणी आणि दगडाची धूळ खाऊन ते जळक्या गुळासारखं घट्ट झालं होतं. हत्यार तर उचलायचं नाही. मग कॅफेतून लाकडी चमचे आले. किटल्या भरभरून कढत पाणी आलं. पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्ये, चिंध्या बुडाल्या. एकेक बोटभर काळा थर निघायला लागला. डॉक्टर पाटावर बसले, आर्या पोटावर झोपली, सतीश गात होता आणि बेसूर गात होता. मला कुणी इतक्या आतवर कधी पुसलं नव्हतं. पूजा म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, फुलं घालतात ती पूजा.

दुपार झाली. ग्वेननं नैवेद्याला घरचे वेल्श केक आणले. डॉक्टरांनी बाही सरसावून त्या झाकणातून हात आत घातला आणि डोळे मिटून बोटं फिरवली. किती तरी गुडघे त्या बोटांखालून गेले असतील.

"सतीश," ते हळूच म्हणाले, "हा गुळगुळीत आहे रे. कुठे खाच नाही, कड नाही. झिजलेला सांधा बोटाला असा लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा फ्रोझन शोल्डर आहे. आखडलाय. झिजणं वेगळं, आखडणं वेगळं. झिजलेल्याला कापावं लागतं. आखडलेल्याला शेकावं लागतं आणि धीरानं हलवावं लागतं."

मग सतीशनं स्वच्छ, पातळ तेल आणून सांधा काठोकाठ भरला. आर्यानं झाकणाभोवती हळदकुंकू लावलं, माळ घातली, आणि मला हात जोडले. एवढा मान मला मँचेस्टरनंही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा. वेल्डिंगचं यंत्र व्हॅनमध्येच राहिलं. ग्वेन म्हणाली, "एकदा ओढून बघू. चाक उतरलं तर मात्र ठरल्याप्रमाणे." सतीशनं मान हलवली. ह्या एका खेपेवर सगळं अवलंबून होतं. डॉक्टर वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहिले. आर्यानं डिझेल सुरू केलं, खिडकीतून मागे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल. सीमोल्लंघन."

साखळी ताणली. मी शेडबाहेर आले. वळण आलं. पुढची चाकं रुळाच्या कडेला घासायला लागली आणि किंचाळली. सतीश ओरडला, "आर्या, हळू! अगं, एकदम हळू!" चाक चढतंय की काय असं वाटलं. माझ्या पोटात कुठेतरी कट्ट असा आवाज झाला, आणि वाटीतला गोळा फिरला.

माझं पुढचं अंग वळलं. मागचं अजून सरळच होतं. मधला बॉयलर सावकाश आतल्या बाजूला सरकला आणि मग मागचं अंगही त्याच वाटेनं निमूट आलं. वळण संपलं. मी वर्कशॉपच्या दारात उभी होते, गळ्यात झेंडूची माळ घालून. सतीश रुळांमध्येच खाली बसला आणि ढसाढसा रडला. ग्वेन त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. आपट्याची पानं वेल्समध्ये कुठली मिळायला, म्हणून डॉक्टरांनी शेडमागच्या बर्चची पिवळी पानं तोडून सगळ्यांच्या हातात सोनं म्हणून ठेवली. एक माझ्या पुढच्या इंजिनावरही ठेवलं.

आता मी वर्कशॉपमध्ये आहे. बॉयलर उतरवला आहे, त्यामुळे सध्या माझे खरोखरच तीन तुकडे आहेत. पुन्हा पेटायला बरीच वर्षं लागतील, आणि मी थांबणार आहे. कॅफेशेजारच्या जागेत ग्वेननं बाकं टाकली आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी जुनं, वळायचं थांबलेलं असेल. ते यंत्र असेल किंवा माणूस असेल. ते झिजलंय असं सांगणारे पुष्कळ भेटतील, तेही लांबून टॉर्च मारून. त्यांचं ऐकण्याआधी एक दिवस हातातली हत्यारं खाली ठेवा, शेजारी बसा, आणि त्याला नुसतं पुसून बघा.